सरकारी वसाहतींची बोलीतली नावे : नोंदीत घेण्याआधी पडताळणी कशी करावी?

टेकडीपायथा :

नमस्कार. पुण्यात सरकारने, गृहनिर्माण मंडळाने किंवा महापालिकेने उभारलेल्या वसाहतींची एक स्थानिक नोंदवही आम्ही काही जण तयार करत आहोत. वसाहतीचे कागदोपत्री नाव, ती कधी आणि कोणासाठी बांधली गेली, आणि तिथले रहिवासी तिला काय म्हणतात, एवढे त्या नोंदीत यावे असा आमचा हेतू आहे. कागदोपत्री माहिती कष्टाने का होईना जमते. बोलीतल्या नावांचा रकाना मात्र अडून बसला आहे, कारण नावे हवी तेवढी येतात, पण त्यांतले खरोखर रुळलेले कोणते, चार मित्रांच्या कट्ट्यापुरते कोणते, बाहेरच्यांनी चिकटवलेले कोणते आणि अलीकडे नकाशाच्या ॲपवरून लोकांच्या तोंडी आलेले कोणते, हे वेगळे करायला काही ठरलेली रीत लागेल.

उदाहरण बिबवेवाडीचे घेतो. अप्पर इंदिरानगर हे नाव इतके रुळले आहे की बसच्या पाटीवर ‘अप्पर डेपो’ असते आणि इंदिरानगर हा शब्द गाळला तरी कोणाचे अडत नाही. त्याच भागात लोअर आहे, आणि त्यांच्या जोडीला लोकांनी ‘सुप्पर’ही आणले आहे. बाहेरचा माणूस ‘अप्पर-सुप्पर’ हे एकच जोडनाव समजतो, तर तिथे राहणाऱ्याला त्या वेगवेगळ्या जागा असतात. आता नोंदवहीत यांतले काय लिहायचे, कोणत्या हद्दीसाठी लिहायचे आणि कशाच्या आधारावर?

माझ्या मते नाव आणि नावामागची हकीकत यांची पडताळणी आधी वेगळी करायला हवी. पुण्याला ही गोष्ट नवी नाही. खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, उंबऱ्या गणपती ही नावे निर्विवाद आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्या सगळे शहर ती वापरते. ती पडली कशी, याच्या कथा मात्र स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, आणि एखादी कथा टिकली नाही म्हणून नाव खोटे ठरत नाही. देवळांच्या नावांवर या शहराने इतके लिहिले, मग ज्या चाळींत आणि इमारतींत हजारो कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांच्या नावांची तितकीच काळजी घ्यायला हवी असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी आपली पद्धत सविस्तर मांडावी, ही विनंती.

दप्तरी :

चांगला विषय काढलात. माझे सगळे काम कागदपत्रांशी असल्यामुळे त्याच बाजूने लिहितो.

बोलीतले नाव सरकारी कागदावर सहसा नसते, त्यामुळे मालमत्ता पत्रक किंवा विकास आराखडा पाहून ते सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. पुण्याचे १९६६, १९८७ आणि २०१७ चे आराखडे तुम्हाला जागा, हद्द आणि आरक्षण सांगतील, आणि वसाहत अमुक साली होती की नव्हती एवढे त्यावरून ठरवता येईल. नाव शोधायचे तर रहिवाशांनी स्वतः छापून घेतलेले कागद पाहावे लागतात. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, मंडळाचा जमाखर्च, क्रिकेटच्या सामन्यांची हस्तपत्रके, वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या छोट्या जाहिराती हे माझ्या लेखी पहिल्या प्रतीचे पुरावे आहेत, कारण त्यांवरचा पत्ता सरकारसाठी लिहिलेला नसतो, पाहुण्याला घर सापडावे म्हणून लिहिलेला असतो.

अडचण अशी की यांतल्या पुष्कळ कागदांवर साल नसते. तरीही कागद आपले वय पुष्कळदा स्वतःच सांगतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, तेव्हा पत्त्यात ४११ पासून सुरू होणारा क्रमांक असेल तर तो कागद त्यानंतरचाच. ‘म्हाडा’ हा गृहनिर्माण प्राधिकरणाचा शब्द छापलेला असेल तर कागद डिसेंबर १९७७ च्या आधीचा असू शकत नाही, कारण प्राधिकरणच तेव्हा अस्तित्वात आले. पीएमपीएमएल या बससेवेचा उल्लेख असेल तर २००७ च्या आधी जाता येत नाही, कारण पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी त्या वर्षी एकत्र आल्या. वर्गणीच्या पावतीवर रुपयाचे नवे चिन्ह छापलेले असेल तर ती जुलै २०१० नंतरची, कारण ते चिन्ह तेव्हा स्वीकारले गेले.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे आणि नवे अभ्यासक नेमके तिथेच घसरतात. नव्या खुणेने कागद अमुक सालाआधीचा नाही हे पक्के होते, पण जुन्या खुणेने तो अमुक सालानंतरचा नाही हे पक्के होत नाही. पिनकोड आल्यावरही लोक ‘पुणे ३०’ किंवा ‘पुणे ३७’ एवढेच लिहीत राहिले, आजही लिहितात. म्हाडा आल्यावरही येरवड्याचा माणूस ‘हौसिंग बोर्ड’च म्हणतो. पीएमटी हा शब्द तर अजून सर्रास ऐकू येतो. म्हणून ‘यावर जुना शब्द आहे, तेव्हा हा कागद जुना’ असा निष्कर्ष काढू नये. छपाईची पद्धत, कागदाचा पोत, छापखान्याचे नाव असा दुसरा काही आधार मिळाला तरच तसे म्हणावे.

अप्परवासी :

मी बिबवेवाडीतच लहानाची मोठी झाले आणि लग्नानंतरही याच भागात राहते, म्हणून थोडे लिहिते.

टेकडीपायथा यांनी हद्दीचा प्रश्न विचारला तो बरोबर जागी विचारला आहे. आमच्याकडे ‘अप्पर’ या एका शब्दाचे किमान तीन अर्थ चालतात. स्वारगेटला बसमध्ये चढताना ‘अप्परला जाते का?’ असे विचारणाऱ्याला डेपो अभिप्रेत असतो. घरातली वडीलधारी माणसे ‘अप्परच्या आत्या’ म्हणतात तेव्हा ठरावीक गल्ल्या अभिप्रेत असतात आणि त्यांत डेपोसमोरच्या नव्या सोसायट्या येत नाहीत. कोथरूडचा माणूस ‘तुम्ही अप्परला राहता ना?’ असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात आमचा अख्खा चढावरचा परिसर असतो. तिघेही चूक नाहीत. त्यामुळे नोंद करताना नावासमोर ते कोण वापरते हे लिहिले नाही, तर ती नोंद पत्ता शोधणाऱ्यालाही उपयोगी पडणार नाही.

माझ्या मोठ्या बहिणीची लग्नपत्रिका अजून घरात आहे. निमंत्रकाच्या नावाखाली पहिल्या ओळीत गल्ली आणि घर क्रमांक, दुसऱ्या ओळीत ‘अप्पर इंदिरानगर, बिबवेवाडी’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत बसथांब्याची खूण दिलेली आहे. कार्यालयाचा पत्ता मात्र एका ओळीत उरकला आहे, कारण कार्यालय कोणालाही सापडले असते. दप्तरी म्हणतात तसे, ज्या पत्त्याची काळजी वाटते तोच माणूस सविस्तर लिहितो.

दुसरी गोष्ट माणसांना विचारण्याची. ‘इथे याला सुप्पर म्हणतात ना?’ असा प्रश्न कृपा करून कोणी विचारू नये. समोरचा सभ्यपणे ‘हो’ म्हणतो आणि तुम्ही ते लिहून घेता. त्याऐवजी ‘रात्री उशिरा रिक्षाने घरी यायचे असेल तर रिक्षावाल्याला काय सांगता?’ असे विचारावे. गॅसच्या सिलिंडरवाल्याला फोनवर काय सांगता, मुलाला शाळेत कोणी विचारले तर तो काय सांगतो, असे विचारावे. उत्तरात जे नाव आपोआप येईल ते खरे. शिवाय एकाच ओट्यावर बसलेल्या पाच जणांनी सांगितले म्हणजे पाच साक्षी झाल्या असे धरू नये. त्या एकच साक्ष असते.

जुनी_पेठ :

ताईंनी विचारण्याची जी रीत सांगितली ती सोन्यासारखी आहे. त्यात एका पिढीची भर घालतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही धरण गेले आणि नदीकाठच्या पेठांतली घरेच्या घरे वाहून गेली. त्यानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा ठिकाणी पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सुरुवातीला काही ठिकाणी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट होत्या. ही मूळची पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्कराची रचना. त्यांत राहिलेल्या घरांतली माणसे ‘आम्ही हटमध्ये होतो तेव्हा’ असेच बोलायला सुरुवात करतात. ज्यांनी तो पूर कळत्या वयात पाहिला ती माणसे आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि त्या वेळी जी शाळेत जात होती ती सत्तरीत आहेत. कागद आणखी दहा वर्षांनीही सापडेल, ही माणसे सापडणार नाहीत. तेव्हा नोंदवहीचे काम कोणत्याही क्रमाने करा, पण या वसाहतींतल्या मुलाखती सगळ्यात आधी घ्या.

त्यांत एक गोष्ट जरूर विचारा. ‘पूरग्रस्त’ हे मुळात माणसांचे वर्णन होते. ते पुढे वसाहतीचे नाव होऊन पत्त्यात बसले आणि ज्यांनी पूर पाहिलाच नाही त्या नातवंडांच्या पत्त्यातही राहिले. हे नाव त्यांना हवेसे वाटते की नकोसे, हेही नोंदीत यायला हवे. आमच्या नात्यातल्या एका घरात आजोबा ते अभिमानाने सांगत, कारण शून्यातून पुन्हा संसार उभा केला होता. त्यांच्या सुनेला मात्र ते लिहायला अजिबात आवडत नसे.

शिकागोस्थित :

मूळचा पुण्याचा, सध्या अमेरिकेत. इथल्या एका प्रसिद्ध सार्वजनिक गृहप्रकल्पाचे उदाहरण या चर्चेला अगदी लागू आहे म्हणून देतो.

शिकागोतला कॅब्रिनी-ग्रीन हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभा राहिला. १९४२ मध्ये बैठी घरे झाली, १९५० च्या दशकाच्या अखेरीस लाल विटांच्या उंच इमारती आल्या आणि १९६२ मध्ये विल्यम ग्रीन यांच्या नावाच्या पांढरट काँक्रीटच्या इमारती झाल्या. रहिवासी लाल इमारतींना ‘रेड्स’ आणि पांढऱ्यांना ‘व्हाइट्स’ म्हणत. ही नावे आतली, साधी, रंगावरून पडलेली, आणि प्रत्येक नावाची हद्द नेमकी. उलट ‘लिटल हेल’ म्हणजे ‘छोटा नरक’ हे नावही अनेक जण बेधडक या प्रकल्पाला जोडतात. वस्तुतः ते त्याआधीच्या वस्तीचे नाव. तिथल्या गॅस कारखान्याच्या ज्वाळांवरून ते पडले आणि प्रकल्पाची पहिली वीट बसण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होते. शेवटची उंच इमारत २०११ मध्ये पाडली गेली, पण लोकांच्या लिहिण्यात आजही जुन्या वस्तीचे नाव नव्या इमारतींच्या माथी मारलेले दिसते.

यावरून पुण्यासाठी एक कसोटी सुचते. बोलीतले नाव इमारतींच्या आधीचे आहे का, हे पाहावे. जिथे झोपडपट्टी हटवून त्याच जागेवर पुनर्वसनाची इमारत झाली, तिथे जुन्या वस्तीचे नाव इमारतीला आपसूक लागते, आणि जिथे लोकांना दुसरीकडे हलवले तिथे ते नाव माणसांबरोबर प्रवास करते. दोन्ही घटना वेगळ्या आहेत आणि नोंदीत वेगळ्या दिसाव्यात.

दप्तरी :

शिकागोस्थित यांची कसोटी मी लगेच उचलतो. पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) २००५ मध्ये आले, त्यामुळे ‘एसआरए’ हे इमारतीचे नाव त्याआधीचे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबून पुन्हा विचारावे. शिवाय ‘एसआरए’, ‘हौसिंग बोर्ड’, ‘पीएमसी कॉलनी’ ही योजनेची किंवा मालकाची नावे आहेत. ती ज्या त्या भागात एकाच वसाहतीला लागतात, पण दोन किलोमीटर पुढे गेले की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो. मुंबईच्या बीडीडी चाळींचे तसे झाले नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या २०७ चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी उभ्या राहिल्या, म्हणून तिथे लोक जागेचे नाव जोडून बोलतात. नोंदवहीत अशा नावांपुढे ‘हे नाव या परिसरापुरते’ असा स्पष्ट शेरा असावा. निगडीची ओटास्कीम हे याहून निराळे उदाहरण आहे. ज्या योजनेत घराऐवजी बांधकामाचा ओटा दिला जातो आणि वरचे घर ज्याने त्याने बांधायचे असते, त्या योजनेचा प्रकारच तिथे पत्ता होऊन बसला आणि बातम्यांतही तसाच छापला जातो. या नावाची पडताळणी सोपी आहे, कारण नाव आणि त्यामागचे कारण दोन्ही कागदावर भेटतात.

आणि वर्तुळाकार पुराव्यापासून सावध राहा. कोणीतरी नकाशाच्या ॲपवर एक नाव टाकतो, तिथून ते घरे विकणाऱ्याच्या जाहिरातीत जाते, जाहिरातीतून बातमीत जाते, आणि मग बातमीचा आधार देऊन तेच नाव ज्ञानकोशातल्या लेखात बसते. चार ठिकाणी सापडले म्हणून चार आधार झाले असे नव्हे. सगळ्यात जुना उल्लेख कोणता आणि तो उरलेल्यांपासून स्वतंत्र आहे का, एवढेच पाहायचे.

समतेचा_पत्ता :

इतका वेळ वाचत होतो. एक बाजू राहिली आहे, ती लिहायलाच हवी.

बोलीतले नाव म्हणजे नेहमी जिव्हाळ्याचे नाव असते असे नाही. आमच्या वसाहतीला शेजारच्या सोसायट्यांतले लोक ज्या नावाने ओळखत, ते जातीवरून पडलेले होते. मी ते इथे लिहिणार नाही. कागदावर वसाहतीला एका थोर पुरुषाचे नाव होते, आम्ही ते वापरत होतो, आणि रस्ता ओलांडला की ते संपत होते. कॉलेजात असताना पत्ता विचारला की आमच्यातली मुले जवळच्या चौकाचे नाव सांगून मोकळी होत, कारण पुढचा प्रश्न काय असेल हे ठाऊक असे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली, तेव्हा आमच्या घरात झालेला आनंद मला विसरता येत नाही.

आता तुमच्या कसोट्या लावल्या तर ते जुने नाव सगळ्यांत उत्तीर्ण होईल. जुने आहे, शेकडो लोक वापरत, रिक्षावाल्यालाही कळे, वर्तमानपत्रातही येई. म्हणून ते ‘रहिवासी तिला काय म्हणतात’ या रकान्यात जाणार असेल तर माझा ठाम विरोध आहे, कारण रहिवासी तिला तसे म्हणतच नव्हते.

दप्तरी :

तुमचे म्हणणे मला पटते, पण पूर्ण पटत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. ते नाव नोंदवहीतून अजिबात काढून टाकले तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला असे वाटेल की या शहरात असे काही घडलेच नाही. जुन्या बातम्या किंवा जुनी मतदार यादी चाळणाऱ्याला ती वसाहत कोणती हेही कळणार नाही. अन्याय झाला याचा पुरावा त्या नावातच आहे.

समतेचा_पत्ता :

पुरावा जपावा, त्याला माझी हरकत नाही. पण तो शीर्षकात, नकाशावर किंवा शोधात पहिल्यांदा दिसेल अशा जागी जपू नये. नोंदीच्या मजकुरात ‘बाहेरच्या लोकांनी लावलेले, रहिवाशांनी नाकारलेले’ असे स्पष्ट लिहून, आणि तेही वसाहतीतल्या माणसांना आधी दाखवून मगच यावे. ज्यांचे नाव आहे त्यांना विचारल्याशिवाय पडताळणी पुरी झाली असे मी मानणार नाही.

अप्परवासी :

मला हे शंभर टक्के मान्य आहे. ‘अप्पर’ आम्ही स्वतः म्हणतो, दुकानाच्या पाटीवर लिहितो, म्हणून ते आमचे आहे. पण आमच्या भागाविषयी बाहेर काही वेगळी बोलणीही ऐकली आहेत आणि ती कोणी ‘स्थानिक टोपणनाव’ म्हणून लिहिली तर मला राग येईल.

टेकडीपायथा :

सर्वांचे आभार. समतेचा_पत्ता यांच्या म्हणण्यामुळे मूळ आखणीतच बदल करत आहोत. ‘रहिवासी काय म्हणतात’ आणि ‘बाहेरचे काय म्हणतात’ हे दोन रकाने यापुढे वेगळे असतील. दुसऱ्या रकान्यातले जातिवाचक किंवा हिणवणारे नाव वसाहतीतल्या रहिवाशांनी वाचून संमती दिल्याखेरीज कुठेही प्रसिद्ध होणार नाही. ही अट आम्ही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहीत आहोत. नावामागची हकीकत नावापासून वेगळी, सांगणाऱ्याच्या वयासह आणि तो वसाहतीत कधी राहायला आला त्या सालासह येईल. जुनी_पेठ यांच्या सूचनेप्रमाणे पूरग्रस्त वसाहतींतल्या ज्येष्ठांच्या भेटी आधी घेत आहोत. ज्यांच्या घरी अशी माणसे आहेत त्यांनी निरोप जरूर पाठवावा. बोलताना घरातले दुसरे कोणी मधे शब्द सुचवणार नाही, एवढी खबरदारी आम्ही घेऊ.

अप्परवासी यांच्याकडे एक मागणे आहे. त्या पत्रिकेच्या पत्त्याच्या भागाचे छायाचित्र, व्यक्तींची नावे झाकून, पाठवता येईल का?

अप्परवासी :

पाठवते. पत्रिका शोधताना त्याच पिशवीत मंडळाची वर्गणीची पावतीही निघाली. तिच्यावर साल नाही. वर मंडळाचे नाव, खाली नुसते ‘अप्पर, पुणे ३७’ आणि रकमेपुढे ‘रु.’ असे छापलेले आहे.

दप्तरी :

‘रु.’ आणि ‘पुणे ३७’ या दोन्ही जुन्या खुणा आहेत, पण वर लिहिले त्याप्रमाणे त्यांच्यावरून साल ठरवता येणार नाही. ‘इंदिरानगर’ गाळून नुसते ‘अप्पर’ छापलेले असणे हीच त्या पावतीची खरी किंमत आहे, म्हणून तिचा काळ काढायलाच हवा. पावतीच्या तळाशी अगदी बारीक टायपात छापखान्याचे नाव आणि बहुतेक वेळा दूरध्वनी क्रमांक असतो. तेवढे वाचून सांगा, आणि पाठीमागे पेनने काही लिहिलेले असेल तर तेही.